सर्व चालेल

अळणीराव हे नाव त्यांना सासऱ्यांनी दिलं, तेही लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणाला. सासऱ्यांची खानावळ होती. तीस वर्षं, दोन्ही वेळा, दोनशे ताटं. त्यांच्या हातचं काहीही लोकांच्या तोंडी चटकन बसायचं, तसं हे नावही बसलं. त्या दिवशी घरची-दारची तीसेक माणसं जेवायला होती. रश्श्याचं पातेलं घेऊन सासरे वाढत वाढत नव्या जावयापाशी आले, थांबले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "जावईबापू, तुमच्यासाठी वेगळं अळणी काढलंय हो. दवाखान्याची सवय मोडायला नको."

तीस माणसं हसली. एकतिसावी नवरी. तिनं तोंडावर हात धरला होता, पण खांदे हलत होते, आणि ते अळणीरावांनी पाहिलं. पाहिलं आणि जपून ठेवलं. काही माणसं जुन्या पावत्या जपतात, काही दोऱ्यांचे तुकडे. अळणीराव हसणारे खांदे जपायचे.

ते एका मोठ्या इस्पितळात पथ्याच्या स्वयंपाकघराचे मुख्य होते. इस्पितळात स्वयंपाकघरं दोन. मोठ्या स्वयंपाकघरात साधं जेवण शिजे, तिथं आचारी गाणी म्हणत, शिव्या देत, फोडणीनं अख्खा मजला खोकत असे. त्याला लागूनच, मधल्या काचेच्या दारापलीकडे, पथ्यघर. तिथं कुणी गात नसे. तिथं एक तराजू होता, मापाचे चमचे होते, भिंतीवर घड्याळ आणि घड्याळाखाली काळा फळा. फळ्यावर खाटांचे आकडे, आकड्यांपुढे पथ्य. वॉर्डातून कार्डं यायची. पिवळं कार्ड म्हणजे साखर बंद, निळं म्हणजे मीठ बंद, हिरवं म्हणजे गाळलेलं पातळ तेवढंच, आणि लाल कार्ड म्हणजे मूत्रपिंडवाला: मीठ चिमटीत, पाणी मापात, बटाटे दोन पाण्यांत उकडून दोन्ही पाणी फेकलेले, टोमॅटो नाही, केळं नाही, आणि या सगळ्यावर "पोटभर जेवा" असं सांगायला येणाऱ्या सिस्टर.

माणूस कामात चोख होता, हे सांगितलंच पाहिजे. एका मास्तरांनी चष्म्याच्या डबीत मीठ लपवलं होतं, ते अळणीरावांनी डबी न उघडता ओळखलं. मास्तर सतत चष्मा पुसायचे आणि मग बोट चाटायचे. एका पैलवानाच्या बायकोनं पावडरच्या डब्यातून मीठ आणलं, तर यांनी तिच्यासमोर तो डबा उघडून थोडी पावडर तिच्याच तळहातावर ओतली आणि म्हणाले, "लावा की गालाला." बाई रडली. पैलवानाच्या पावलांची सूज मात्र चार दिवसांत उतरली आणि तो आपल्या पायांनी घरी गेला. जाताना त्यानं अळणीरावांकडे पाहिलंसुद्धा नाही. पथ्यानं वाचलेला माणूस डॉक्टरांच्या पाया पडतो, पथ्य शिजवणाऱ्याला तो रस्त्यात टाळतो. अळणीरावांना याचं वाईट वाटत असेल, पण त्यांनी तेही जपूनच ठेवलं.

पथ्यघराला त्यांनी दोन गोष्टी दिल्या. एक नियम आणि एक शब्द.

नियम असा: दुपारी बारानंतर आलेलं कार्ड उद्या सकाळपासून लागू. आधी कार्डं दिवसभर टपकायची, शिजवलेलं वाया जायचं, कुणाचं ताट कुणाला जायचं. यांनी घड्याळाखाली रेघ मारली आणि गोंधळ संपला. नातेवाईक यायचे, हात जोडायचे. अळणीराव बोट वर करून घड्याळ दाखवायचे. माणसाशी भांडता येतं, घड्याळाशी कसं भांडणार?

आणि शब्द असा. काही रोग्यांच्या बाबतीत डॉक्टरांचे सगळे उपाय संपत. मग ते पांढऱ्या कार्डावर एक लांबलचक ओळ लिहून पाठवत: पथ्याचे निर्बंध उठवण्यात येत आहेत, रुग्णाच्या इच्छेप्रमाणे आहार द्यावा, वगैरे. एवढं फळ्यावर मावेना. अळणीरावांनी त्याचं केलं 'सर्व चालेल'. शब्द इतका सोयीचा निघाला की पुढं डॉक्टरही तोच लिहायला लागले. वॉर्डात सिस्टर सांगत, "आता यांना सगळं चालेल हं," आणि घरची माणसं हरखून जात. पथ्य सुटलं! म्हातारा सुधारला! कुणी डबा आणायला धावे, कुणी गावाला फोन करी.

पथ्यघरात मात्र फळ्यावर ते दोन शब्द उमटले की भांडी घासणारा मान हलवायचा आणि म्हणायचा, "चालेल म्हणजे चालला." ताटांची ट्रॉली ढकलणारी मावशी होती, तिला सगळे ट्रॉलीमावशीच म्हणत. ती लटकं रागावायची, "मेल्या, जीभ झडेल," आणि परत येताना हळूच विचारायची, "आज कोण चाललं?" या शब्दाचा दुसरा अर्थ वर घरच्या माणसांना ठाऊक नव्हता. तो खालीच शिजायचा आणि खालीच संपायचा.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षांत सासऱ्यांनी एकही संधी वाया घालवली नाही. जावयाच्या घरी जेवायला येताना खिशात मिठाची छोटी डबी आणायचे आणि ती टेबलावर टक्कन ठेवायचे. एकदा अळणीरावांनी हौसेनं सूप केलं, तर म्हाताऱ्यानं एक घोट घेतला, उठला, बाहेर जाऊन गुळण्या केल्या आणि येऊन म्हणाला, "चालू द्या तुमचं. माझं तोंड धुवायचं राहिलं होतं, ते झालं." बायको हसली. आता ती तोंडावर हातही धरत नव्हती.

आणि मग सासऱ्यांचे पाय सुजले.

आधी पाय, मग पोट, मग डोळ्यांखाली पिशव्या. मूत्रपिंडं गेलेली, हृदय ढिलं. त्यांना आणलं ते त्याच इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या अकरा नंबरच्या खाटेवर. खाली फळ्यावर अकरा आकड्यापुढे अळणीरावांनी स्वतःच्या हातानं लाल खडूनं गोल काढला. गोल जरा मोठाच निघाला.

पहिल्या जेवणाला ते ट्रॉलीमावशीबरोबर स्वतः वर गेले. असं ते कधी करत नसत.

"बाबा, जेवण आणलंय."

सासऱ्यांनी झाकण उचललं. भात, दोन पाण्यांतले बटाटे, अंड्याचा पांढरा भाग, गाजराची उकड. त्यांनी एक घास घेतला. तोंडात फिरवला. मोठ्या कष्टानं गिळला.

"जावईबापू, हे शिजवलंय की भिजवलंय?"

"पथ्य आहे, बाबा."

"पथ्य आहे ते कळलं. जेवण कुठाय?"

शेजारच्या दहा नंबरवर मांडीचं हाड मोडलेला एक शिंपी पाय वर टांगून पडला होता. तो खदखदून हसला. अळणीरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना जाणवलं की आज हसणं आपल्याला लागलेलं नाही. हसू दे. ताट आपल्या हातात आहे.

इथं एक बारीक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. लाल कार्डवाल्याला मीठ अगदीच वर्ज्य नसतं. दिवसाला दोन ग्रॅम असतं, तराजूवर तोललेलं. आता हे दोन ग्रॅम द्यायचे कसे, हे कार्डावर लिहिलेलं नसतं. ते शिजताना भाजीत घातले तर विरून जातात. जिभेला पत्ताच लागत नाही. पण तेवढेच कागदाच्या पुडीत बांधून ताटात ठेवले, आणि रोग्यानं घासावर वरून भुरभुरले, तर जिभेला पहिल्यांदा मीठच लागतं, आणि माणूस दोन ग्रॅमवर राजासारखा जेवतो. ही 'वरची पुडी' पथ्यघरात जुनी होती. त्या मास्तरांना अळणीरावांनी ती दिली होती. पैलवानालाही, शेवटच्या दोन दिवसांत.

अकरा नंबरचं मीठ त्यांनी शिजवून टाकलं. दोन्ही ग्रॅम, तोलून, नियमात. रोज.

असल्या छळाला कुठलीच चौकशी पकडू शकत नाही. पण अकरा नंबरवर खानावळवाला होता.

"मीठ आहे ह्यात," तिसऱ्या दिवशी ते म्हणाले. डोळे मिटून, घास जिभेवर धरून, दूरचं गाणं ऐकावं तसं. "आहे. पण शिजवून मारलंय तुम्ही. वरून द्या ना."

"प्रमाण तेवढंच आहे, बाबा."

"प्रमाण नाही हो मागत. जागा मागतोय. तेवढंच, पण वर."

"बघतो."

"एवढंच." म्हाताऱ्यानं अंगठा आणि पहिलं बोट जुळवून हवेत चिमूट धरली. "दोन बोटांची. तिसरं बोट लावणार नाही, शपथ."

दोनशे ताटांचं मीठ ज्यांनी मुठीनं टाकलं, ते सासरे चिमटीसाठी शपथ घेत होते. अळणीराव जिना उतरताना शीळ घालत होते. पथ्यघरात कुणी गात नाही, म्हणून दारापाशी थांबवली.

घरी बायको विचारू लागली. आधी बोलता बोलता, मग भांडी आपटत.

"अहो, बाबा म्हणतात इतरांना पुडी देता."

"ज्याला झेपते त्याला देतो."

"दोन ग्रॅम ते दोन ग्रॅम. आत काय नि वर काय?"

"तेच ना. मग आत असलं तर काय बिघडलं?"

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "अजून ते हसणं डोक्यात आहे का तुमच्या? एकोणीस वर्षांचं?"

"कसलं हसणं?" अळणीरावांनी विचारलं, इतक्या निरागसपणे की तिला सगळं कळलं.

"माझ्या हातात काही नसतं गं," ते म्हणाले. "कार्ड येतं, तसं शिजवतो."

"चिमूट दुसरीकडं कुठं असते?" ती म्हणाली. "हातातच असते ना?"

तीन आठवडे असे गेले. डायलिसिसच्या मशीनवर म्हाताऱ्याचं हृदय टिकेना. दोनदा अर्ध्यावर थांबवावं लागलं. अंग वाळत गेलं, पाय तेवढे भरलेले. वॉर्डात लोकांना वाटायचं म्हातारा जप करतो, कारण उजव्या हाताची दोन बोटं सारखी एकमेकांवर चोळत असायची. शिंप्यानं एकदा विचारलं, "आजोबा, काय मोजताय?"

"मोजत नाही रे. टाकतोय."

आणि एका दुपारी ट्रॉलीमावशी रिकामी ट्रॉली घेऊन खाली आली. तिच्या हातात कार्ड होतं आणि चेहरा विचित्र. ते तिनं अळणीरावांपुढे धरलं नाही, टेबलाच्या कडेला ठेवलं.

पांढरं कार्ड. अकरा नंबर. सर्व चालेल.

भांडी घासणाऱ्यानं सवयीनं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. नळ चालू राहिला.

अळणीरावांनी कार्ड वाचलं. त्यांचाच शब्द, डॉक्टरांच्या अक्षरात. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं.

त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही. पण माणसाच्या मनाचे कप्पे काही एका किल्लीनं उघडत नाहीत. वाईट वाटणं एकीकडे चालू होतं आणि दुसरीकडे एक बेत आपोआप शिजायला लागला होता. उद्या. उद्या आपण स्वतः रस्सा करायचा. खानावळीसारखा, खरपूस कांद्याचा, मिठाचा. स्वतः वर न्यायचा. सगळ्या वॉर्डासमोर म्हातारा घास घेईल, डोळे मिटेल आणि म्हणेल, जावईबापू, वा. एकोणीस वर्षांत न म्हटलेला एक 'वा'. आणि आज संध्याकाळी? आज संध्याकाळी त्यानं अजून एकदा मागावं. फक्त एकदा.

"बारानंतर आलंय," अळणीराव म्हणाले. "उद्यापासून."

"साहेब, अकरा नंबर आहे," ट्रॉलीमावशी म्हणाली.

"मग? अकरा नंबरला वेगळं घड्याळ आहे?"

"दहा मिनिटं हो."

"तुझ्यासाठी दहा, उद्या दुसऱ्यासाठी वीस. नियम आहे."

ती वळली. ट्रॉलीचं एक चाक बिघडलेलं होतं, ते जाताना कुरकुरलं तेवढंच.

संध्याकाळी पाचला अळणीराव लाल कार्डाचं ताट घेऊन वर गेले, तेव्हा बायको बापाच्या उशाशी बसली होती आणि तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. "अहो, सिस्टर म्हणाल्या, आता बाबांना सगळं चालेल! मी मावशीला फोन केला, काकांना केला. म्हटलं पथ्य सुटलं, आता आठ-पंधरा दिवसांत घरी."

त्या शब्दाचा खालचा अर्थ तिला सांगायचा तर हीच वेळ होती. अळणीरावांनी ताट टेबलावर ठेवलं.

तिनं झाकण उचललं. "हे काय? हे तर तेच."

"कार्ड बारानंतर आलं. उद्यापासून."

"अहो, माझा बाप आहे."

"म्हणून काय झालं? उद्या मी स्वतः करून आणतो. रस्सा."

"मग आज एक पुडी द्या. डॉक्टरांनीच सोडलंय सगळं!"

"उद्या म्हटलं ना."

अंथरुणातून आवाज आला. बारीक, पण खानावळीचाच. "का गं भांडतेस जावयांशी? आण ते."

तिनं चमचा भरवला. सासऱ्यांनी घास जिभेवर धरला, डोळे मिटले, आणि ओठ किंचित हलले. "आज बटाट्याला बटाट्याची चव आहे. एकाच पाण्यात उरकलंय कुणीतरी."

शिंप्यानं टाळी वाजवली. त्याचं जेवण साधं, मोठ्या स्वयंपाकघरातलं. पाय टांगलेला असतानाही तो कंबरेतून वाकला आणि स्वतःच्या वाटीतला चमचाभर रस्सा त्यानं पुढं धरला. "घ्या आजोबा. सुटलंय ना पथ्य? ह्यात काय चुकलंय तेही सांगा."

म्हाताऱ्याचा हात वर आला, दोन बोटं जुळलेली. चमचा खाटांच्या मधल्या फटीवर होता. अळणीराव पुढं झाले आणि त्यांनी तो शिंप्याच्या हातातून काढून घेतला. सांडू न देता. हात अगदी स्थिर होता त्यांचा, रोज दोन ग्रॅम तोलणारा.

"उद्यापासून," ते म्हणाले.

वॉर्डात कुणी हसलं नाही. सासरे त्या चमच्याकडे बघत होते. मग त्यांनी जावयाकडे पाहिलं आणि मागितलं. अळणीरावांना हवं होतं तसंच, अजून एकदा. "एवढंच द्या हो. दोन बोटं."

"उद्या, बाबा. उद्या सगळं."

खाली आल्यावर त्यांनी मदतीच्या बाईला विचारलं, "बटाटे किती पाण्यांत उकडले?" बाई चाचरली. "साहेब, आज घाई झाली, दुसरं पाणी..." अळणीराव म्हणाले, "बरं," आणि शिंप्याचा चमचा धुवायला टाकला. म्हाताऱ्याची जीभ कसली म्हणायची, त्यांना वाटलं. अजून धार आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते कामावर हजर. कांदा उभा चिरला, तेलात खरपूस केला, बटाटे एकदाच उकडले आणि त्यांचं पाणी फेकलं नाही. मीठ घालायच्या वेळी मात्र हात अडला. इतक्या वर्षांत त्यांनी मीठ तोललं होतं, घातलं कधी नव्हतं. शेवटी त्यांनी अंदाजानं घातलं आणि काचेचं दार ढकलून मोठ्या स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याला बोलावलं. आचारी पदराआडची सून बघायला यावा तसा उत्सुकतेनं आला, चमचा तोंडात घातला आणि डोळे विस्फारले.

"अरे वा, अळणीराव! हे कुठं लपवलं होतं इतकी वर्षं? मीठ तर कसं, अगदी मापात. सोडा नोकरी, हॉटेल काढा."

दहा वाजता ते स्वतः ताट घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले. ट्रॉलीवर नाही, हातात.

काल ताट गेल्यावर म्हातारा गुंगीत गेला होता, आणि रात्रीत पार उतरला होता. श्वासाला आंबूस वास, ओठ कोरडे, जिभेवर पांढरा जाड थर. बायको रात्रभर बसलेली. पण झाकण उघडलं आणि खरपूस कांद्याचा वास सुटला, तशा त्या मिटलेल्या पापण्या हलल्या. शिंपी कोपरांवर उठून बसला. पलीकडच्या चार खाटांनी मान वळवली.

"बाबा," अळणीराव म्हणाले, "रस्सा. मी केलाय. मीठ घालून."

बायकोनं चमचा ओठांशी नेला. सासऱ्यांनी घेतला. जिभेवर धरला. डोळे मिटले. अळणीराव त्या ओठांकडे असे बघत होते की निकालाच्या दिवशी पोरंसुद्धा तसं बघत नाहीत.

सासऱ्यांनी घोट गिळला.

"अळणी," सासरे म्हणाले.

"बाबा, मीठ आहे त्यात. आहे."

"अळणीच." त्यांनी डोळे उघडले. त्यांत राग नव्हता, टवाळी नव्हती. खरोखरचं आश्चर्य होतं. "जावईबापू... आजपण?"

अळणीरावांनी खिशातून पुडी काढली. वरची पुडी. ती त्यांनी दुसऱ्या घासावर रिकामी केली, सगळी. मीठ दिसत होतं, पांढरं, ढिगानं. म्हाताऱ्यानं तो घास घेतला, थोडा वेळ धरला आणि जिभेनं बाहेर ढकलला.

"माती," ते म्हणाले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"चाखून बघ," अळणीराव बायकोला म्हणाले. "अगं, तू चाख. एक घास."

तिनं वाटीला बोट लावलं नाही. "दोनशे माणसं तीस वर्षं त्या जिभेच्या भरवशावर जेवली," ती म्हणाली. "मी काय चाखायचं?"

अळणीराव वाटी घेऊन शिंप्याकडे वळले. "तुम्ही सांगा. तुम्ही बघा बरं."

शिंप्यानं वाटीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मला नको, साहेब," तो म्हणाला. "मी उद्यापासून."

खानावळवाले त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला गेले. हाताची दोन बोटं शेवटपर्यंत एकमेकांवर चोळत होती, मग थांबली. त्यानंतर पुन्हा ते काही बोलले नाहीत. इतकं बोललेल्या माणसाचा शेवटचा शब्द 'माती', आणि तोही जावयाच्या स्वयंपाकाला.

अळणीरावांना आपली सुटका डॉक्टरांत दिसली. व्हरांड्यात त्यांनी तरुण डॉक्टरांना गाठलं, बायकोला हाताला धरून पुढं आणलं. "डॉक्टर, तुम्हीच सांगा हिला. मीठ होतं. आचाऱ्यानं चाखलं होतं. मग यांना लागलं का नाही?"

डॉक्टर बिचारे सरळ होते. "हो, असं होतं," ते तिला म्हणाले. "रक्तात विष साठत गेलं की शेवटी जिभेची चव जाते. खारट, गोड, काही कळत नाही. सगळं मातीसारखं लागतं. यांचा काही दोष नाही, ताई."

अळणीरावांनी श्वास सोडला. बायकोकडे पाहिलं. ती डॉक्टरांकडेच बघत होती.

"कधी जाते?" तिनं विचारलं.

"अं?"

"चव. कधी जाते?"

"तसं नेमकं नाही सांगता येत. जेवताना काही म्हणाले होते का ते?"

"काल संध्याकाळी म्हणाले होते. बटाटे एकाच पाण्यात उकडलेत."

"आणि खरंच तसं होतं?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एकाच पाण्यात उकडलेला होता.

"मग काल संध्याकाळपर्यंत होती म्हणायची," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांना कुणीतरी हाक मारली म्हणून गेले.

त्यावर ती भांडली नाही. रडली ती बापासाठी रडली, ते वेगळं. तो चमचा, ती दहा मिनिटं, यातलं काही तिनं पुढं कधी काढलं नाही. नातेवाईकांसमोर नवऱ्याला 'अहो' म्हणते, चहा देते, शर्टाचं बटण लावते. 'सर्व चालेल'चा खालचा अर्थ तिला ट्रॉलीमावशीनं भेटायला आल्यावर सांगितला, तेव्हासुद्धा ती नुसतं "हो का?" म्हणाली.

अळणीराव अजून पथ्यघरातच आहेत. बाराची रेघ अजून आहे. फक्त घड्याळ आता दहा मिनिटं मागं असतं. ते त्यांनीच केलंय, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी त्यावर विनोद करत नाही.

घरी, त्या दिवसानंतरच्या पहिल्या जेवणाला, तिनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं. त्यांनी घास घेतला आणि चावता चावता थांबले. भाजीत मीठ नव्हतं. भातात नव्हतं. टेबलावर, हाताच्या अंतरावर, बापाची ती खिशातली छोटी डबी ठेवलेली होती, भरलेली. तिनं तिच्यातून दोन बोटांची चिमूट उचलली, आपल्या ताटावर वरून भुरभुरली, झाकण घट्ट लावलं आणि डबी आपल्या बाजूला ओढून घेतली.

"मीठ घालायचं राहिलं," ती म्हणाली. "चालेल ना?"

अळणीरावांनी डबीकडे पाहिलं. मागितली असती तर तिनं काय उत्तर दिलं असतं, ते त्यांना पाठ होतं.

"चालेल," ते म्हणाले.

त्याला आता तीन वर्षं झाली. ती रोज विचारते.